शास्त्रीय गाणं, संगीत नाटक आणि मी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रयोग संपला की विंगेत चार-पाच जण येऊन थांबतात. मी एकीकडे खोप्यातल्या पिना काढत असते, दुसरीकडे उत्तरं देत असते. उरलेले प्रश्न फोनवर येतात. बरेच तेच तेच असतात, म्हणून वहीत टिपून ठेवले होते. ते इथे एकदाच लिहून टाकते. नंबर दिलेत, कारण एका उत्तराला दुसऱ्याचा आधार लागतो. "तुमचं वय किती?" हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न गाळलाय. ज्यांना हवंच असेल त्यांनी प्रश्न १४ वरून हिशेब करावा.

१. तुम्ही गायिका की नटी? नक्की काय लिहायचं निमंत्रणपत्रिकेत?

"गायिका-अभिनेत्री" लिहा. जुना शब्द 'गायक-नट' असा होता आणि तो मला जास्त आवडतो, कारण त्यात दोन्ही कामं एकाच माणसाच्या गळ्यात पडतात. संगीत नाटकात पार्श्वगायन नसतं. जो बोलतो तोच गातो, तेही उभ्यानं, चालता चालता, समोरच्या पात्राकडे बघत. गंमत अशी, की नाटकातली माणसं मला "गाण्यातली" म्हणतात आणि गाण्यातली माणसं "नाटकातली". दोन्हीकडे थोडी थोडी पाहुणी.

२. घरात गाणं होतं का? सुरुवात कशी झाली?

मैफलीचं गाणं नव्हतं. आई अक्कलकोटकडची, घरात कानडी बोलायची आणि पहाटे चूल पेटवताना वचनं, म्हणजे शिवशरणांची कानडी भक्तिवचनं, म्हणायची. सोलापूरचं जुनं नाव सोन्नलगी. इथले सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले शरण, म्हणजे शिवभक्त संत, आणि वचनकार. त्यांची वचनं आमच्याकडे पूजेच्या वेळी नाही, तर भाकरी थापताना ऐकू यायची. वचन म्हणजे बोलणंच असतं हो. त्याला ओवीसारखा ठरीव साचा नाही. आई बोलायला सुरुवात करायची आणि तिसऱ्या-चौथ्या शब्दाला सूर लागलेला असायचा. नेमका कधी लागला हे मला कधीच पकडता आलं नाही.

शेजारी यंत्रमाग होते. दिवसभर खटखट. मी आठ वर्षांची असताना पेटी शिकवायला एक मास्तर येऊ लागले. त्यांनी पहिल्या दिवशी खिडकी लावायला सांगितली, दुसऱ्या दिवशी ती स्वतःच उघडली आणि म्हणाले, "या आवाजात सा ऐकू आला तर कुठेही येईल." बरीच वर्षं मी त्या मागांवरच रियाज केला. पुढे ते बंद झाले. त्यानंतरचे काही महिने तालाची एक मात्रा कुणी काढून नेल्यासारखं वाटायचं.

३. घराणं कोणतं?

तालीम ग्वाल्हेरची. बंदिश स्पष्ट म्हणायची, अस्थायी-अंतरा हे तिचे दोन्ही भाग पुरे भरायचे, मग आलाप-बोलतान. नाटकासाठी ही फार सोयीची शिस्त आहे, कारण शब्द गिळायची मुभा नसते. बाकी घराण्यांच्या भांडणात मला पाडू नका.

४. संगीत नाटक म्हणजे मराठीतलं म्युझिकलच ना?

लांबून पाहिलं तर हो. जवळून पाहिलं तर नाही.

आधी थोडा इतिहास. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं. त्या खेळांत पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आपलं बोलणं बरंचसं आयत्या वेळी करायची. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात रंगभूमीवर आलं. त्यात पात्रं स्वतः गायला लागली आणि गद्य लिहून पाठ केलेलं होतं. पदं किती? दोनशेच्या वर. खेळ रात्री सुरू व्हायचा आणि पहाटेपर्यंत चालायचा.

पाश्चात्त्य म्युझिकलमध्ये गाणं किती मिनिटांचं, कुठल्या ठोक्याला कोण वळणार, हे बांधलेलं असतं. वाद्यवृंद लिहिलेलं वाजवतो. आमच्याकडे पदाचे शब्द आणि चाल ठरलेली असते, पण आज त्यात किती फिरायचं हे गाणाऱ्यानं त्या क्षणी ठरवायचं आणि तबलजीनं, ऑर्गनवाल्यानं मागून यायचं. हीच त्यातली गोडी आणि हाच त्यातला धोका. याच मुभेनं संगीत नाटक बहरलं आणि याच मुभेनं एका पदाला अर्धा अर्धा तास देऊन प्रेक्षकही घालवला, असं माझं मत आहे. पुढे प्रश्न ६ मध्ये यावरच बोलले आहे.

५. हे सगळं सांगली-पुण्याचं. सोलापूरचा याच्याशी काय संबंध?

असं विचारणारे बहुतेक सोलापूरचेच असतात, याचं मला नवल वाटतं.

संगीत नाटकाच्या मुळाशी मराठी-कानडी सरहद्द आहे. भाव्यांना नाटक करायची आज्ञा सांगलीच्या पटवर्धनांनी दिली, ती कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. किर्लोस्कर जन्मले बेळगाव जिल्ह्यात, गुर्लहोसूरला. त्यांच्या पदांमध्ये साकी-दिंडी, कीर्तनातल्या, लावणीच्या चाली आहेत, तशा कानडी चालीही आहेत. मल्लिकार्जुन मन्सूरांसारखा मोठा गवई लहानपणी नाटक कंपनीत गायचा, आणि पुढे वचनं रागांत गाऊन त्यांनीच घरोघरी पोचवली. या सरहद्दीवर वसलेल्या गावात, जिथे एका गल्लीत मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी ऐकू येते, तिथे संगीत नाटक परकं कसं असेल?

आणि 'कट्यार काळजात घुसली' १९६७ साली आलं, तेव्हा त्यातली झरीना रंगवणाऱ्या फय्याज आमच्या सोलापूरच्याच. हे मी वर्गात दर वर्षी सांगते. दर वर्षी दोन-तीन माना ताठ होतात.

६. नाट्यपद मैफलीत गाणं आणि नाटकात गाणं, यात फरक काय? पद तर तेच.

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, म्हणून उत्तर लांब आहे.

मी बुवांकडे, म्हणजे माझ्या ग्वाल्हेर घराण्याच्या गुरूंकडे, बारा वर्षं शिकले ते पसरायला. एक सूर घ्यायचा, त्याच्या अंगानं जायचं, बढत करायची, म्हणजे राग हळूहळू फुलवायचा, घाई नाही. नंतर पुण्याला एका ज्येष्ठ बाईंकडे नाट्यपदं शिकायला जाऊ लागले. शनिवारी रात्रीच्या गाडीनं निघायचं, रविवारी रात्रीच्या गाडीनं परत, सोमवारी शाळा. पहिल्या रविवारी मी 'स्वयंवर'मधलं रुक्मिणीचं यमनमधलं पद म्हटलं. चांगलं आठ-नऊ मिनिटं. बाईंनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "या पदाच्या आधीचं वाक्य काय आहे?" मला येत नव्हतं. "आणि नंतरचं?" तेही नाही. "मग तू मधलं काय गायलीस?"

तो सबंध रविवार त्यांनी मला गाऊच दिलं नाही. पदाचे शब्द नुसते बोलायला लावले. रुसून बोल. कुणी ऐकत नाही ना हे बघत बोल. सखीला सांगतेस तसं बोल. दुपारी चहानंतर म्हणाल्या, "आता तेच बोल, पण शेवटचा शब्द लांबव." लांबवला, तर तो आपोआप गंधारावर जाऊन बसला. मला एकदम आई आठवली, चुलीपुढची.

तर फरक हा. मैफलीत पद म्हणजे रागाला मिळालेलं दार. तुम्ही आत जाता, घर हिंडता, मनाला येईल तेव्हा बाहेर येता. नाटकात पद दोन वाक्यांच्या मध्ये असतं. पहिल्या वाक्यात बोलणं पुरेनासं होतं, म्हणून पात्र गातं. गाऊन झालं की समोरचं पात्र उत्तर द्यायला उभंच असतं. त्या नटाचा चेहरा ताजा आहे तोवर पद आवरलं पाहिजे. त्याची नजर एकदा विंगेकडे गेली की प्रवेश गेला. म्हणून मैफलीत दहा-बारा मिनिटं रंगणारं पद मी नाटकात चारच्या वर नेत नाही. ताना दोन. एखाद्या दिवशी एकही नाही.

'एकच प्याला'मधली सिंधू घ्या. त्यातली पदं गुर्जरांची आणि भूमिका गाजवली बालगंधर्वांनी. सिंधू फाटक्या लुगड्यात जात्यावर बसते तो प्रवेश करताना खुंटा धरून खरोखर जोर लावावा लागतो. हाताचा फेरा पोटात जाणवतो आणि श्वास तिथेच तुटतो. आधी मी तो लपवायला बघत होते. आता तुटू देते. गळा तयार आहे हे सिंधूनं दाखवायचं नसतं.

पसरायला बारा वर्षं लागली. आवरायला किती लागतील, अजून मोजते आहे.

७. मी विशारद आहे. मला संगीत नाटकात काम मिळेल का?

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा चढत जातात. विशारद झालात म्हणजे राग, ताल, बंदिशी यांचा पाया आहे. नाटकाला तो हवाच. पण परीक्षेत तुम्ही मांडी घालून बसता, कानाजवळ तानपुरा असतो आणि डोळे मिटलेले चालतात. रंगमंचावर यातलं काहीच नाही.

घरी एक करून बघा. नऊवारी नेसा, उभ्या राहा, कुणाला तरी समोर उभं करा आणि त्याच्या डोळ्यांत बघत छोटा ख्याल म्हणा. पहिल्यांदा हसू येतं, दुसऱ्यांदा सम चुकते, आठवडाभरात जमतं. गद्य पाठांतर रोज करा, मोठ्यानं. राज्य शासनाची संगीत नाट्य स्पर्धा वेगळी होते. तिच्यासाठी संस्था गाणाऱ्यांच्या शोधात असतात. तिथे छोटी भूमिका मागा. सखी, नटी, काहीही. एकदम 'सौभद्र'मधली सुभद्रा, म्हणजे नायिकाच, मागू नका.

८. पहाटेचा राग रात्री नऊ वाजता गाता, हे चालतं?

नाटकात घड्याळ रंगमंचावरचं. 'सौभद्र'मध्ये कृष्ण रुक्मिणीला रात्र सरली, उषःकाल झाला म्हणून सांगतो ते पद देसकारमध्ये आहे. देसकार सकाळचा. प्रेक्षागृहाबाहेर साडेनऊ वाजलेले असतात आणि लोकांना शेवटच्या बसची काळजी असते, पण मंचावर उजाडलेलं आहे. तेव्हा तिथे देसकारच हवा.

अडचण दुसरीच आहे. देसकार आणि भूप यांचे सूर तेच. धैवताला मान दिला की देसकार, गंधारावर रेंगाळलात की भूप, आणि भूप रात्रीचा. म्हणजे कृष्णानं गंधारावर नको तितका मुक्काम केला की उजाडलेलं परत मावळतं. बहुतेकांना कळत नाही. पहिल्या दोन रांगांत बसलेल्या आजोबांना कळतं आणि ते मान हलवतात, आडवी.

९. सोलापूरच्या उन्हाळ्यात आवाज कसा सांभाळता?

पारा चाळिशीच्या वर आणि हवा कोरडी. मुंबईचे गायक दमट हवेची तक्रार करतात तेव्हा मला हेवा वाटतो. कोरड्या हवेत घसा लवकर सुकतो आणि तो ओला ठेवायचा तर पाणी थोडं थोडं दिवसभर प्यावं लागतं. प्रयोगाआधी गटागटा पिऊन काही होत नाही. एप्रिल-मेमध्ये रियाज पहाटे. कूलरच्या झोतात कधीच नाही. संध्याकाळी वाफ. ज्येष्ठमधाचा तुकडा तोंडात ठेवते, बरं वाटतं. त्यानं आवाज 'उघडतो' वगैरे मी म्हणणार नाही.

शेंगा चटणी? खाते. सोलापुरात राहून चटणी सोडायची तर राहायचं कशाला! फक्त प्रयोगाच्या दिवशी नाही आणि रात्री उशिरा तर अजिबात नाही. तेल-तिखट खाऊन लगेच आडवं झालं की पित्त वर येतं आणि सकाळी घसा बसलेला असतो. प्रयोग संपायला अकरा वाजतात, त्यामुळे नाटकवाल्यांचा हा ठरलेला आजार आहे.

आवाज बसला तर कुजबुजू नका, त्यानंही ताण पडतो. गप्प राहा. तीन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन स्वरयंत्र बघून घ्या. काढे नंतर.

१०. प्रेक्षकांनी वन्स मोअर दिला तर काय करायचं?

कमरेत वाकायचं, ऑर्गनवाल्याकडे बघायचं आणि अंतरा किंवा ध्रुवपद, एकच काहीतरी परत म्हणायचं. आधीपेक्षा थोडक्यात. दुसरा वन्स मोअर मी घेत नाही. जुन्या काळी लोक पदासाठीच यायचे, तेव्हाची गोष्ट वेगळी. करुण प्रवेशात तर पहिलाही घेत नाही. रडून झालेलं परत कसं रडणार? यावरून एकदा एक संयोजक रागावले होते. असोत.

११. नायकाची आणि नायिकेची पट्टी वेगळी. मग एकाच प्रवेशात दोघं कसे गातात?

जाणकाराचा प्रश्न. पट्टी म्हणजे गाणारा आपला षड्ज, म्हणजे सा, पेटीच्या ज्या काळ्या-पांढऱ्या घरावर धरतो ते घर. पुरुषाची पट्टी साधारण काळी एक ते काळी दोन, बाईची काळी चार ते काळी पाच. अर्जुन आपलं पद संपवतो, मध्ये दोन वाक्यं आणि लगेच सुभद्रेचं पद. ऑर्गनवाल्याला त्या दोन वाक्यांत घर बदलायचं असतं.

यात एक निसर्गाची मेहेरबानी आहे. अर्जुन काळी एकमध्ये असेल तर त्याचा पंचम म्हणजे काळी चार, म्हणजे माझा षड्ज. काळी दोनला काळी पाच, तसंच. त्यामुळे त्याचा पंचम कानात धरून मी उठते, वेगळा सूर मागावा लागत नाही. तबलाही निभतो: काळी चारचा तबला माझ्यासाठी षड्जाचा आणि अर्जुनासाठी पंचमाचा.

अपवाद दोन. एक, अर्जुनाचं पद मालकंसात असेल तर त्यात पंचम वर्ज्य, मग दुसरा तबला लागतोच. दोन, एखादा नायक हट्टानं पांढरी दोनमध्ये गाणार असेल तर हे सगळं गणित फिसकटतं. तालमीच्या पहिल्याच दिवशी विचारून घ्या. हिरो ठरल्यावर नाही, ठरायच्या आधी.

१२. ऑर्गनच कशाला? पेटी चालत नाही?

चालते की. कित्येक प्रयोग पेटीवर केलेत. पण पेटीचा एक हात भात्यात अडकलेला असतो. ऑर्गनचा भाता पायानं, त्यामुळे दोन्ही हात मोकळे आणि स्वर न तुटता भरीव चालू राहतो. नाट्यगृहात तानपुऱ्याची उणीव तोच भरून काढतो.

आमच्या ऑर्गनचा भाता एका पावसाळ्यात उंदरांनी कुरतडला. पाय मारला की सुराऐवजी दमेकऱ्यासारखा श्वास यायचा. दुरुस्त करणारं कुणी जवळपास मिळेना. शेवटी चामड्याच्या बॅगा शिवणाऱ्या एका चाचांनी मोजमाप घेऊन ठिगळ लावलं, कडेनं सरस भरला, आणि पैसे घेण्याआधी "एक बार बजाके सुनाओ" म्हणाले. ते ठिगळ अजून टिकून आहे.

१३. पूर्वीचे नट माइकशिवाय गायचे. तुम्ही गाऊ शकाल?

एकदा गायले, नाइलाजानं. बाहेरगावच्या एका नाट्यगृहात दुसऱ्या अंकात वीज गेली आणि जनरेटर सुरू होईना. कुणीतरी दोन बॅटऱ्या धरल्या. तबला ऐकू येत होता, ऑर्गन खालच्या कोपऱ्यात, तो माझ्यापर्यंत पोचत नव्हता. मी आवाज टाकला, शेवटच्या रांगेपर्यंत गेला, टाळ्या आल्या, मी खूश. तेवढ्यात वीज आली, माइक जागे झाले आणि ऑर्गन कानावर पडला. मी चांगली अर्धा सूर चढलेली होते. ऑर्गनवाले खाली मान घालून हसत होते.

माइकशिवाय पोचणं जमतं. सुरात राहून पोचणं ही जुन्या लोकांची करामत. म्हणूनच उंच, टिपेच्या पट्ट्या त्या काळी मोलाच्या होत्या.

१४. पन्नाशी उलटल्यावर सुभद्रा करणं शोभतं का?

बालगंधर्व साठी उलटल्यावरही स्त्रीभूमिका करत होते. तेव्हा शोभण्याचं राहू द्या. जमतं का ते विचारा. माझी पट्टी आता काळी पाचवरून काळी चारला आली आहे. बाईच्या आवाजात वयानुसार हा बदल होतोच. खालचे सूर भरदार होतात, वरचे कष्टानं येतात. गेल्या चार वर्षांत मी सुभद्रा विद्यार्थिनींना दिली आणि रुक्मिणी घेतली. घटोत्कचानं उचलून न्यायचं असतं सुभद्रेला. आमच्या घटोत्कचाची कंबरही आता पूर्वीची नाही.

१५. मुलाचा आवाज फुटतोय. गाणं बंद करायचं का?

बंद नको. खालच्या पट्टीत, थोडा वेळ, हळू. तार सप्तक ओढायचं नाही. आवाज चिरकला की घरच्यांनी हसायचं नाही. याच वयात अनेक मुलगे गाणं सोडतात ते हसण्यामुळे. तोवर तबला शिकवा, पदांचं गद्य करून घ्या. मुलीला कितव्या वर्षी घालू, हाही प्रश्न येतो: तिला स्वतःहून यावंसं वाटेल तेव्हा.

१६. घरी कानडी किंवा तेलुगू बोलतो. मराठी नाट्यपदं जमतील का?

माझ्याच घरात कानडी होती, तेव्हा जमतील. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांतून येणारी मुलं माझ्याकडे आहेत आणि त्यांचे ण, ळ पुण्याच्या कित्येक मुलांपेक्षा चोख आहेत.

काळजी दोन ठिकाणी. एक, महाप्राण अक्षरं. 'नाथ'मधला थ, 'भय'मधला भ बोलण्यात सौम्य होतात आणि सूर लांबवला की आणखीनच. 'नाथ'चं 'नात' झालं की अर्थच बदलला. दुसरं, मराठीतले दोन च आणि दोन ज. 'चंद्र'चा च वेगळा, 'चाफा'चा वेगळा. हे वाचून येत नाही. आरशासमोर हळू बोलून, जीभ कुठे लागते ते बघून येतं. गाताना सुधारायला जाऊ नका, आधी बोलून सुधारा. (कारण प्रश्न ६.)

१७. यावर घर चालतं का?

नाही. एका प्रयोगाची नाईट, म्हणजे मानधन, आणि प्रवासखर्च यांत काही उरतं, काही वेळा उरत नाही. मी शाळेत संगीतशिक्षिका होते, आता घरी शिकवण्या घेते. दुसरी मिळकत ठेवा आणि त्याची लाज बाळगू नका.

१८. गाण्याशिवाय कशाची आवड आहे?

पक्षी. हिवाळ्यात हिप्परग्याच्या तलावावर जाते. नान्नजच्या माळावर कित्येक वर्षांपूर्वी एकदा माळढोक पाहिला, लांबून, गवतात, मान ताठ करून चाललेला. दुर्बीण धरलेला हात थरथरत होता. तसा राजा मी कुठल्याही नाटकात पाहिला नाही. शिवाय जुन्या पदांच्या हस्तलिखित वह्या जमवते. कडेला पेन्सिलीनं "इथे थांबणे", "हळू" असं कुणीकुणी लिहिलेलं असतं. छापील पुस्तकात ते मिळत नाही. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत मात्र मला कुठेही बोलावू नका. नंदीध्वजांची मिरवणूक मी चुकवत नाही आणि तिथल्या धुळीनं आठवडाभर आवाजही नसतो.

१९. आमच्या मंडळाला जुनं संगीत नाटक करायचं आहे. परवानगी लागते का?

दोन वेगळ्या परवानग्या आहेत आणि लोक त्या एकच समजतात.

पहिली लेखकाची. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. किर्लोस्कर १८८५ साली गेले, देवल १९१६, गडकरी १९१९, खाडिलकर १९४८. यांची नाटकं मोकळी आहेत. 'कट्यार'चे पुरुषोत्तम दारव्हेकर १९९९ साली गेले, तिथे वारसांची संमती हवी. संगीतकाराचा हक्क वेगळा मोजतात: 'मानापमान'चे गोविंदराव टेंबे १९५५ साली गेले, म्हणून चाली मोकळ्या, 'कट्यार'चे जितेंद्र अभिषेकी १९९८ साली गेले, म्हणून त्यांच्या नाहीत. आणि एक खाच: मूळ नाटक मोकळं असलं तरी कुणी अलीकडे त्याची अडीच तासांची रंगावृत्ती केली असेल तर ती त्या संपादकाची. मूळ संहिता घेऊन स्वतः काटछाट करा, तेच बरं.

दुसरी, सार्वजनिक प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र. इथल्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहाची तारीख मिळाली म्हणजे सगळं झालं असं समजू नका. आधी संहिता पाठवा, मग बॅनर छापा.

२०. तुमच्या पदाचं रेकॉर्डिंग आमच्या गॅदरिंगमध्ये लावलं तर चालेल का?

आधी विचारा, गाणाऱ्याचाही त्याच्या गायनावर हक्क असतो. बहुतेक वेळा मी हो म्हणते. नाटक अजून हक्कात असेल तर माझा होकार पुरत नाही, प्रश्न १९ पाहा. अट एकच: पद सुरू व्हायच्या आधीचं वाक्य आणि संपल्यावर समोरच्या पात्राचं उत्तर, दोन्ही ठेवा. तिहाई झाल्या झाल्या आवाज बारीक करत नेऊ नका. अर्जुन काहीतरी बोलतो आहे तिथे.